शेठ आणि विचारणारी चौकट

आमच्या मेडिकलमधला जुना फ्रिज हात लावला की झटका देतो, हे घोडेगावच्या सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. पण समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या शेठनी मला आजवर जेवढे धक्के दिलेत तेवढे त्या फ्रिजनेही दिलेले नाहीत. लग्न होऊन मी या दुकानात बसायला लागले तेव्हापासून रस्त्यापलीकडे हा माणूस गादीवर मांडी घालून बसलेला आहे. रोज सकाळी शटर वर करताना मी मनाशी ठरवते, की आज यांच्या कुठल्याही गोष्टीचं नवल करायचं नाही. दुपारच्या जेवणापर्यंत हा निश्चय टिकला असं एकदाही झालेलं नाही. औषधांच्या दुकानात बसणाऱ्या बाईने कशाने दचकू नये, लोक आम्हाला काय काय सांगतात आणि दाखवतात. पण शेठ समोर आहेत म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या मी विकते की मलाच लागतात, हे एकदा तपासून घ्यायला हवं.

शेठ उंचीने बेताचे, पोटाने ऐसपैस, आणि आवाजाने इतके मोठे की त्यांनी दुकानात कुजबुज केली तर ती चावडीपर्यंत जाते. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. तिकडच्या गावाचं नाव विचारलं तर शेठना डोकं खाजवावं लागतं, पण तळेघरच्या वाटेवरची वाडी न् वाडी, त्या वाडीतलं घर न् घर आणि कुठल्या घरात यंदा कुणाची सून आली हे मात्र तोंडपाठ. मारवाडीतले दोन-चार शब्द शिल्लक आहेत, ते अंगठ्याला ठेच लागली की बाहेर पडतात. एरवी अस्सल इथली बोली. शेठाणी जाऊन काही वर्षं झाली. एकुलता मुलगा पाचवीपासून पुण्याला वसतिगृहात होता, आता तिथेच कुठल्याशा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. म्हणजे दुकानात शेठ, वरच्या मजल्यावर शेठ, आणि मधल्या जिन्यात चढताना धापा टाकणारेही शेठच.

जुन्या पेढ्यांवर काही शब्द उच्चारत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. दुकान ‘बंद’ करत नाहीत, ‘वाढवतात’. माल ‘संपला’ म्हणत नाहीत. लक्ष्मी ऐकत असते आणि तिचा गैरसमज होतो, अशी त्यामागची समजूत. बाकीचे दुकानदार हा रिवाज सवडीने पाळतात. शेठनी तो इतका मनावर घेतला की गादीवर बसल्यावर त्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्दच कधी बाहेर पडलेला नव्हता. कुणी काहीही मागितलं तर उत्तरं दोनच. ‘मागवतो’ म्हणजे खरोखरच मागवतो. आणि ‘बघू पुढं’ म्हणजे साफ नाही, याचा पुन्हा विषय काढू नये. हे या तालुक्यात बारा वर्षांच्या पोरालाही कळतं. शेठनी ‘बघू पुढं’ म्हटलं की माणूस पिशवी उचलतो आणि पुढच्या दुकानात जातो.

घोटाळा व्हायचा तो ‘मागवतो’मुळे. एकदा डोंगराकडचे एक आजोबा पातेलं ठोकून बघता बघता सहज म्हणाले, “शेठ, नातवाला पोरगी मिळंना राव.” शेठचं लक्ष वजनकाट्याकडे होतं. ते म्हणाले, “मागवतो.” मी समोरून ऐकलं आणि माझ्या हातातली खोकल्याची बाटली निसटली. शेठनाही आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द गेला होता. मग पावसाळा संपेपर्यंत या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे चौकशी केली आणि निरगुडसरकडची एक चांगली शिकलेली मुलगी खरोखरच शोधून दिली. लग्नात आजोबांनी शेठना पहिल्या पंगतीला बसवलं. शेठ मला म्हणाले, “ताई, लई दमलो. कढई मागवणं सोपं.”

दुसरी गोष्ट ठेवींची. वरच्या गावांहून एसटी मोजक्याच. सकाळी उतरलेला माणूस परतीच्या गाडीपर्यंत तहसील कचेरी, दवाखाना, बाजार असा हिंडणार. हातातलं ओझं ठेवणार कुठे? तर शेठकडे. पिशव्या, तांदळाची पोती, छत्र्या, पत्र्याच्या पेट्या, एकदा तर कवळी. चिठ्ठी नाही, बिल्ला नाही. शेठ फक्त विचारतात, “गाव कुठलं? घर कुणाचं?” आणि उत्तर पटलं की वस्तू आतल्या फळीवर जाते. एका बाईने एकदा पाय बांधलेली कोंबडी ठेवली. शेठ पडले जैन. त्यांनी तिचे पाय सोडले, ज्वारी टाकली, आणि संध्याकाळी ती बाई न्यायला आली तेव्हा “आजचा दिस ऱ्हाऊ द्या, पाव्हणी हाये” म्हणाले. बाई काय समजायचं ते समजली. ती कोंबडी म्हातारी होऊन मरेपर्यंत स्टीलच्या डब्यांमध्ये फिरत होती. घमेल्यात अंडं दिसलं की शेठ डोळे मिटून मला हाक मारायचे, “ताई, तुमचं कायतरी आलंय बघा!”

अशा माणसाच्या गादीशेजारी मुलाने कॉम्प्युटर आणून ठेवला. भांड्यांच्या कंपनीने माल मागवणं ऑनलाइन केलं होतं, त्याला इलाज नव्हता. मुलाने सगळं मराठीत करून दिलं, पासवर्ड म्हणजे काय ते समजावलं, तो कुणाला सांगायचा नाही हे तीन-तीनदा बजावलं आणि पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडून आवाज आला, “ताई, आपला पासवर्ड ‘तांब्या’ हाये! ध्यानात ठिवा, मी इसरलो तर!” मी गिऱ्हाइकाला मलम देत होते. माझ्या पायाखालची जमीन सरकली. नारळवाला, चहावाला, रिक्षात बसलेली माणसं, सगळ्यांनी मान डोलावली. चहावाल्याने तर विचारलं, “मोठा तांब्या का छोटा?” शेठ म्हणाले, “इंग्रजीत, पैलं अक्षर मोठं.”

पुढे त्या साइटने दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलायला लावायला सुरुवात केली. शेठना त्याचं काही वाटलं नाही; ते मांडणीवरचा माल क्रमाने घेत गेले. तांब्या झाला, घागर झाली, कळशी, परात, किसणी. शेवटी एक आकडा आणि ते शेपटीवालं गोल चिन्ह, ज्याला शेठ ‘गोगलगाय’ म्हणतात. सगळ्या पेठेला रोजचा पत्ता असायचा. सकाळी अगरबत्ती फिरवून झाली की शेठ ओरडायचे, “आज कुठवर आलो रं?” आणि चार दुकानांतून एकदम उत्तर यायचं, “परातीवर, शेठ!” तळेघरचे लोक गाडीतून उतरल्या उतरल्या विचारायचे, “किसणी लागली का?” एकदा एक पूर्ण अनोळखी माणूस, गळ्यात कॅमेरा, भीमाशंकरला निघालेला, चहा पीत बसला होता. शेठ अडखळले तर तो सहजपणे म्हणाला, “काका, गोगलगाय राहिली.” त्या दिवशी मी खरंच खाली बसले.

मी गेले समोर. म्हटलं, “शेठ, अहो पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो. कुणाला सांगायचा नसतो.”

“कुनाला सांगितला? तुमालाच तर सांगितला.”

“आणि नारळवाला?”

“त्येच्या आज्याला वळखतो मी.”

“आणि तो कॅमेऱ्यावाला?”

शेठ जरा विचारात पडले. “त्येनं मदत केली, ताई,” म्हणाले. “मदत करणाऱ्याला चोर म्हनायचं व्हय?”

मी कपाळाला हात लावून परत आले. पण खरा तमाशा पुढेच होता. पासवर्ड टाकून आत गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट यायची: पासवर्ड सेव्ह करायचा आहे का? खाली दोन बटणं, ‘सेव्ह करा’ आणि ‘कधीही नाही’. पहिल्यांदा ती आली तेव्हा शेठ गादीवरून अर्धवट उठले, कारण कुणी विचारलं तर बसून उत्तर देणं त्यांना बरं दिसत नाही. मला हाक मारली. “ताई, ह्यो कोन इचारतोय?”

मी सांगितलं, की हा ब्राउझर आहे, तो तुमचा पासवर्ड स्वतःकडे जपून ठेवतो म्हणतोय, म्हणजे तुम्हाला रोज टाकायला नको.

“म्हंजे ठेव?”

“हो, तसंच समजा.”

आयुष्यभर लोकांच्या ठेवी सांभाळलेला माणूस. त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. “त्येचं गाव कुठलं?”

मी म्हटलं, त्याला गाव नसतं.

“घर कुनाचं?”

“शेठ, त्याला घरही नसतं.”

“मंग ठेव कशी ठिवायची?” शेठ म्हणाले. “उद्या त्येला हुडकत कुठं जायचं?”

ज्या माणसाचा पासवर्ड आख्खी पेठ दिवसातून चार वेळा कोरसमध्ये म्हणत होती, त्या माणसाचा तो ब्राउझरला द्यायला मात्र ठाम नकार होता. मी म्हटलं, ठीक आहे, मग ‘कधीही नाही’ दाबा, म्हणजे पुन्हा येणार नाही. हे ऐकून शेठचा चेहरा असा झाला की मी काउंटरखालून ग्लुकोज आणायला धावणार होते. “दुकानात बसून?” ते म्हणाले. “गादीवरून? त्यो शबुद? ताई, तुमी शिकल्या-सवरलेल्या, आन् असलं बोलता?” शेवटी चौकटीच्या टोकाला एक फुली आहे, ती दाबली की हो पण नाही आणि नाही पण नाही, असा निवाडा मी दिला. शेठनी मला विचारून खात्री करून घेतली, की त्याचा अपमान तर होत नाही ना. मग चौकटीकडे बघून मान लववली, “बघू पुढं, भाऊ,” म्हणाले आणि फुली दाबली.

आता ब्राउझर काही आमच्या तालुक्यातला नव्हे. त्याला ‘बघू पुढं’ कळेना. तो आपला दरवेळी नव्याने विचारायचा. आणि वेळा तरी किती! शेठ पाणी प्यायला उठले तरी आधी लॉगआउट करायचे, कारण कुलूप लावल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही अशी त्यांना वडिलांची शिकवण. परत आले की तांब्या-घागर, परत चौकट, परत “बघू पुढं, भाऊ”. चुकीचा पासवर्ड टाकला तरी कधीकधी चौकट यायची, तेव्हा शेठ तिला प्रेमाने सांगायचे, “आरं, ह्यो तर खोटाय, ह्यो ठिवून काय करतोस?” समोर गिऱ्हाईक पितळी समई घेऊन ताटकळत उभं, शेठ हात वर करून म्हणायचे, “दम खा. आधी ह्येला सांगू दे, बिचारा मघाधरनं इचारतोय.” वैताग म्हणून मी मेडिकलमधून कान झाकून बघायचे. माझ्या कॉम्प्युटरवर ही चौकट आली की मी दातओठ खाते. हा माणूस मात्र तिच्याशी इतक्या अदबीने बोलायचा, की हळूहळू गिऱ्हाइकंही तिची विचारपूस करायला लागली. “काय शेठ, आज आला व्हता का?” “आला व्हता. आत्ताच येऊन गेला.”

आता मुलाचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. मुलगा दर रविवारी सकाळी फोन करायचा. शेठना स्पीकरशिवाय फोनवर बोलता येत नाही, त्यामुळे तो फोन आम्हा सगळ्यांनाच यायचा. मुलगा गुणी, वडिलांवर जीव असलेला. जेवण, गोळ्या, जिना, गुडघे अशी विचारपूस झाली की शेवटी ठरलेला प्रश्न: “मग पप्पा, पुण्याला कधी येताय? दुकान आता पुरे झालं. तुमची खोली तयार आहे, लिफ्ट आहे, दर्शनाला देरासर अगदी चालत जाण्यासारखं.” आणि शेठचं ठरलेलं उत्तर, “बघू पुढं.”

समोर बसून हे ऐकताना मी गोळ्यांच्या त्याच पट्ट्या दोनदा मोजायचे, कारण दोघांनाही मी ओळखत होते. शेठना जायचं नव्हतं. हे दुकान गेलं तर त्या आतल्या फळीचं काय? गाडीतून उतरलेल्या बाईने पोतं कुठे टेकवायचं? आणि गादीवरून उठलेले शेठ पुण्याच्या चौथ्या मजल्यावर कुणाला गाव विचारणार होते? पण हे ते मुलाला सांगत नव्हते. ते आपले समजत होते, की मी स्पष्ट नाही म्हणतोय आणि पोरगा तरी दर रविवारी प्रेमाने विचारतोय. मुलगा पाचवीत गाव सोडून गेलेला. त्याला ही बोली कुठून कळणार? ‘बघू पुढं’ म्हणजे वडील मन वळवतायत, असं तो धरून चालला होता.

आणि एक दिवस तो आला. सोबत एक गृहस्थ, इस्त्रीच्या शर्टातले, हातात मोजमापाची टेप. चहा सांगण्याआधीच गृहस्थांनी दुकानाची रुंदी मोजायला घेतली. “समोर पूर्ण काच येईल,” ते म्हणाले. “मोबाईलच्या दुकानाला काच लागते.” मी काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला सरळ “थांबा” म्हणून रस्ता ओलांडला. हातात उगीच एक थर्मामीटर घेतला, म्हणजे काहीतरी निमित्त.

शेठ गादीवर बसले होते, पांढरेफटक. “बाळा, ह्ये काय रं?”

“पप्पा, तुम्हीच म्हणालात ना? हे दुकान भाड्याने घ्यायला तयार आहेत. पुढच्या महिन्यात आपण सामान हलवू.”

“मी कवा म्हनलो?”

“दर रविवारी म्हणताय! बघू पुढं, बघू पुढं. आता पुढचं आलं की, पप्पा.”

दुकानात तळेघरचे दोन पाहुणे चहा पीत बसले होते. त्यांनी बशा खाली ठेवल्या. त्यांच्यातला एक हळूच मला म्हणाला, “आवो ताई, ह्येला कुनी सांगितलं न्हाई व्हय, बघू पुढं म्हंजी काय त्ये?” मी शेठकडे बघितलं. एक शब्द उच्चारायचा होता, आणि गादीवर बसून तो शब्द या माणसाने जन्मात उच्चारला नव्हता. गृहस्थांनी टेप आतल्या फळीला लावली आणि विचारलं, “ही गाठोडी कुणाची? ही काढावी लागतील.” शेठच्या तोंडून निघालं, “बघू...” आणि ते तिथेच थांबले. आता हा माणूस सभ्यपणापायी दुकान घालवतो, या कल्पनेने मी हातातला थर्मामीटर उगीच झटकत राहिले.

मुलगा कामाचा. त्याने कॉम्प्युटर पुढे ओढला. “तुम्ही मागवलेला माल आधी रद्द करून टाकू,” म्हणाला. “पासवर्ड काय?” सवयीने रस्त्यावरून उत्तर आलं, “चाळणी!” मुलाने चमकून बाहेर पाहिलं, त्याला बसलेला तो धक्का बघून मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सोबत मिळाल्यासारखं वाटलं. त्याने पासवर्ड टाकला. चौकट आली. “हे अजून येतंच आहे? पप्पा, कमाल करता तुम्ही, एकदाच दाबून टाकायचं ना!” असं म्हणत त्याने ‘कधीही नाही’ वर क्लिक केलं.

चौकट गेली. पडदा स्वच्छ झाला. शेठ सावकाश उठून उभे राहिले.

“ह्या गादीवरनं,” ते म्हणाले, “माझ्या बापानं टाळला, आज्यानं टाळला, तो शबुद आज तू दाबलास?”

“पप्पा, ते नुसतं बटण आहे.”

“दाबलास न्हवं? मंग आता झालं त्ये झालं. इटाळ व्हायचा तो झालाच हाये, तर माझं बी राह्यलेलं उरकून घेतो.” त्यांनी दोन्ही हात जोडले, गणपती-लक्ष्मीच्या तसबिरीकडे वळून काहीतरी पुटपुटले, बहुधा माफी मागितली. मग मुलाकडे वळले. “न्हाई. दुकान द्यायचं न्हाई. मी पुन्याला यायचा न्हाई. पावनं, टेप गुंडाळा, आन् च्या घ्या.”

आमच्या पेठेत एकदा भर बाजारात वीज कोसळली होती, तेव्हाही माणसं इतकी हादरली नव्हती. नारळवाल्याच्या हातातला कोयता वरच राहिला. तळेघरच्या पाहुण्यांनी आपोआप टोप्या सारख्या केल्या. माझ्या तर कानांवर विश्वास बसेना. गृहस्थ भले होते. त्यांनी टेप गुंडाळली, चहा घेतला आणि ओशाळून एक स्टीलचा डबा विकत घेऊन गेले. मुलगा लाल झाला होता. तो चिडला नाही. वडिलांच्या पाया पडला, “ठीक आहे पप्पा, आता पुन्हा नाही विचारणार,” एवढंच बोलला आणि गाडीत बसला.

संध्याकाळी सगळ्या पेठेने शेठचं अभिनंदन केलं. मीही पेढे घेऊन गेले. दुकान वाचलं होतं, फळी जागेवर होती, आणखी काय पाहिजे? शेठनी पेढा घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला.

पुढचा रविवार आला. मुलाचा फोनही आला, अगदी वेळेवर. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे. “बरं पप्पा, ठेवतो मग.” शेठ फोन हातात धरून बसून राहिले, अजून काही यायचं असल्यासारखे. त्यापुढच्या रविवारीही तेच. मुलगा शब्दाचा पक्का. नाही विचारणार म्हणाला होता, नाही विचारलं. आणि तिकडे कॉम्प्युटरवर शेठ पासवर्ड टाकायचे आणि मग क्षणभर माउसचा बाण पडद्याच्या कोपऱ्यात नेऊन थांबायचे. काही यायचं नाही. मग बाण आपला आपण खाली यायचा. “आज कुठवर आलो रं” ही आरोळीही मंद झाली. एकदा तर पेठेने “झारा, शेठ!” म्हणून ओरडून सांगितलं तरी ते तसेच बसून. त्यांचा रक्तदाब मोजला तर वाढलेला. डॉक्टरांना विचारून गोळ्या बदलून दिल्या, पण मला ठाऊक होतं हे गोळ्यांचं दुखणं नव्हे.

एके दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. “ताई, त्यो येत न्हाई आता,” ते चौकटीच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले. एवढा मोठा आवाज, पण हे वाक्य मला जेमतेम ऐकू आलं. मी म्हटलं, त्याचं काय शेठ, सोपं आहे. सेटिंगमध्ये शिरले. ज्यांना ‘कधीही नाही’ म्हटलंय त्या साइटची नावं तिथे असतात, त्यातून हे नाव पुसून टाकलं. पुन्हा पासवर्ड टाकला आणि चौकट आली, जशी काही रुसवा काढून आली. शेठचा चेहरा खुलला. त्यांनी मान लववली, फुली दाबली. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू तसंच अर्धं राहिलं.

“ह्येचं झालं, ताई,” म्हणाले. “आन् त्येचं?”

तेव्हा मात्र मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, त्याला काय सेटिंग आहे? फोन लावा आणि बोला! शेठ मुलाला स्वतःहून कधी फोन करत नाहीत. तो कामात असेल, साहेब समोर असतील, अशी त्यांना धास्ती. मीच नंबर लावला आणि फोन गादीवर त्यांच्यापुढे ठेवला.

“पप्पा? काय झालं? बरे आहात ना?” मुलगा घाबरलेला.

“बरा हाये. तू काय इचारीत न्हाईस आताशा.”

“काय विचारत नाही? परवाच तर गोळ्यांचं...”

“गोळ्यांचं ताई बघत्यात. त्ये दुसरं.”

पलीकडे कुणीतरी काहीतरी छापत असल्याचा आवाज येत होता. “पप्पा,” मुलगा म्हणाला, “तुम्हीच नाही म्हणालात. सगळ्यांदेखत. मला वाटलं, विचारून विचारून मी तुम्हाला त्रास देत होतो.”

“मी येनार न्हाई म्हनलो,” शेठ म्हणाले. “तू इचारू नको, आसं कुठं म्हनलो?”

मुलगा जेव्हा बोलला तेव्हा कंपनीतला साहेब कुठल्या कुठे गेला होता. वसतिगृहाच्या फाटकाशी उभा राहिलेला एक लहान मुलगा बोलत असावा, असा तो आवाज. “पप्पा, मग कधी येताय पुण्याला?”

शेठनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. डोळे काठोकाठ भरलेले.

“इचारलं,” ते म्हणाले.

त्यांनी काय उत्तर दिलं ते मी ऐकायला थांबले नाही. रस्ता ओलांडून आले तर काउंटरवर कुणीतरी ताप-सर्दीची गोळी मागत होतं, आणि मला ती डबी बराच वेळ सापडेना.